दूरचा विमानप्रवास : तिकिटावर न छापलेले तास

आपल्या बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, पण विमानात बसणारी माणसे आता प्रत्येक तालुक्यात आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला लागतो, चार-पाच वर्षांत कंपनी त्याला अमेरिकेला पाठवते, आणि लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण जवळ आले की साठी ओलांडलेले आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढतात. हज आणि उमराहला जाणारे आहेत, आखातात कामाला असणारे आहेत. अशी मंडळी जाण्यापूर्वी माझ्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घ्यायला आली, की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "डॉक्टरसाहेब, किती लांब आहे हो ते?" आणि "किती तास लागतात?"

हे प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातले वाटतात, पण ते आरोग्याचेही आहेत. प्रवासाचे अंतर आणि वेळ यांचा आपल्या पायांतील रक्ताशी, गोळ्यांच्या वेळांशी आणि झोपेशी सरळ संबंध आहे. मात्र शरीराचा हिशेब तिकिटावरच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो. पायांना किलोमीटर कळत नाहीत, त्यांना फक्त बसलेले तास कळतात. आणि आपल्या भागातील माणसासाठी ते तास मुंबईच्या विमानतळावरून नव्हे, तर बीडच्या स्टँडवरून मोजावे लागतात. आजच्या लेखात आपण हाच हिशेब मांडणार आहोत.

किती दूर, किती तास?

मुंबईहून दुबई सरळ आकाशमार्गाने १,९०० किलोमीटरच्या थोडी पुढे आहे आणि तेथे विमान तीन-साडेतीन तासांत पोहोचते. जेद्दाह सुमारे ३,५०० किलोमीटर, वेळ साडेपाच तासांच्या आसपास. लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ साडेनऊ ते दहा तास. न्यूयॉर्क मात्र सुमारे १२,५०० किलोमीटर दूर आहे. थेट विमान मिळाले तरी जाताना १५ ते १६ तास लागतात.

मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने न्यूयॉर्कला १४ तास पुरायला हवेत. मग जाताना जास्त वेळ का लागतो? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अमेरिकेला जाताना विमानाला त्यांच्या विरोधात जावे लागते, परतताना तेच वारे पाठीवर असतात. म्हणून येताना तास-दीड तास वाचतो. शिवाय आकाशातले रस्तेही कधी कधी बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडला आणि वेळ वाढला.

तिकीट वाचताना आणखी एक घोटाळा होतो. समजा उन्हाळ्याच्या दिवसांत विमान मुंबईहून पहाटे २ वाजता निघाले आणि न्यूयॉर्कला सकाळी साडेआठला उतरले. तारीख तीच. वाचणाऱ्याला वाटते, साडेसहा तासांचा प्रवास. पण तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. साडेसहात साडेनऊ मिळवा, म्हणजे खरे १६ तास निघतात. येताना उलटे होते. तेथून सकाळी ११ ला निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला उतरले, तर घड्याळाला २४ तास दिसतात, पण माणूस विमानात साडेचौदा तासच बसलेला असतो. आपल्या गोळ्यांसाठी आणि पायांसाठी हे खरे तास धरायचे.

बीडकरांचा हिशेब वेगळा

आता आपला प्रवास मांडू. बीडहून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. ट्रॅव्हल्सने किंवा जीपने गेले तरी आठ-नऊ तास मोडतात. अंबाजोगाई, परळी, धारूरकडच्या मंडळींना त्याहून जास्त. परदेशी जाणाऱ्या विमानासाठी किमान तीन तास आधी पोहोचावे लागते. त्यातला काही वेळ रांगेत जातो आणि बराचसा खुर्चीत. नंतर १६ तास विमान. उतरल्यावर तपासणी, सामान आणि मुलाच्या घरापर्यंत मोटारीने तास-दोन तास.

एकूण प्रवास ३० तासांच्या वर जातो. त्यात बसून काढलेले तास २६ ते २८ भरतात. मुंबईत राहणारा माणूस त्याच विमानात त्याच रांगेत बसलेला असला, तरी त्याचे पाय आठ-नऊ तासांनी ताजे असतात. आपल्या माणसाच्या पायांवर विमानात पाऊल टाकण्यापूर्वीच एका रात्रीची सूज असते. विमान कंपनीच्या सूचनापत्रकात हा फरक कधी लिहिलेला नसतो, म्हणून येथे मुद्दाम सांगितला.

पूर्वीचे लोक कसे जात?

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिन्यांचा प्रवास. हाल खूप होते, पण बोटीवर उठणे, फिरणे, आडवे होणे शक्य होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. १९६० मध्ये त्याच कंपनीची जेट विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली, तीही वाटेत थांबत. प्रत्येक थांब्यावर पाय मोकळे होत.

वेग वाढला तसे तास कमी झाले, ही चांगलीच गोष्ट. पण थांबे गेले आणि सलग बसणे वाढले. म्हणूनच दुबई किंवा दोहा येथे विमान बदलावे लागणार असेल, तर अनेकांना वाटते तशी ती अडचण मानू नये. एका दमात १६ तास बसण्यापेक्षा मध्ये दोन-तीन तास चालायला मिळणे पायांना हितकारकच आहे. पुढचा टप्पा तेथूनही १४ तासांचा असतो, हे मात्र विसरू नये.

बसून राहिल्याने नेमके काय होते?

हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते, पण ते पायांतून वर परत आणण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, सुटते, आणि आतल्या खोल शिरांतील रक्त हापशाच्या पाण्यासारखे वर चढते. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे ते पुन्हा खाली येत नाही. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. माणूस तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसला, की हा हापसा बंद पडतो. रक्त साचते, पाऊल सुजते, चप्पल घट्ट होते. क्वचित त्या साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ही गुठळी सुटून हृदयामार्गे फुप्फुसात जाऊन अडकली, तर दम लागतो, छातीत दुखते, आणि गुठळी मोठी असेल तर मृत्यूही येतो.

रक्ताचा वेग मंदावणे हे गुठळीचे एक प्रमुख कारण आहे, ही समजूत एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ विर्शो यांच्या कामापासून चालत आली आहे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लोक रात्र रात्र आसऱ्याच्या जागी खुर्च्यांवर बसून काढत. त्या काळात फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी नोंदवले. ही माणसे विमानात नव्हती, फक्त बसलेली होती. १९५४ मध्ये अमेरिकेचे शल्यविशारद डॉ. जॉन होमन्स यांनी विमान, मोटार अशा लांब बैठकीनंतर झालेल्या गुठळ्यांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा दोष विमानाच्या यंत्राचा कमी आणि खुर्चीचा जास्त आहे.

धोका किती?

वाचकांनी घाबरून तिकीट रद्द करू नये, म्हणून आकडे देतो. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर १९९३ ते २००० या काळात उतरलेल्या साडेतेरा कोटींहून अधिक प्रवाशांचा अभ्यास झाला. उतरताच फुप्फुसातील गुठळीमुळे रुग्णालयात न्यावे लागलेले ५६ जण निघाले. ५,००० किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरून आलेल्यांत हे प्रमाण दहा कोटींत एक इतके नगण्य होते. ५,००० च्या वर ते दहा लाखांत दीड झाले, आणि १०,००० किलोमीटरच्या वर दहा लाखांत जवळजवळ पाच. म्हणजे मुंबई-दुबई आणि मुंबई-न्यूयॉर्क हे दोन प्रवास आरोग्याच्या दृष्टीने एका जातीचे नाहीत.

हे फक्त विमानतळावरच कोसळलेले रुग्ण. पुढच्या काही दिवसांत पाय सुजणारे त्यात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, चार तासांहून अधिक सलग बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतकाच असतो. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्यासाठी फार महत्त्वाची. हा वाढीव धोका विमानापुरता नाही. बस, रेल्वे आणि मोटार यांनाही तो लागू आहे. म्हणूनच बीड-मुंबईचे ते आठ-नऊ तास हिशेबात धरावेच लागतात.

कोणी जास्त सावध राहावे?

निरोगी माणसाला धोका थोडा आहे, पण काहींना तो बराच जास्त असतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेले, गेल्या काही आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झालेले (विशेषतः खुब्याची किंवा गुडघ्याची), कर्करोगावर उपचार चालू असलेले, गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि फार स्थूल व्यक्ती, या सर्वांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. वय जसे वाढते तसा धोकाही वाढतो.

उंचीचाही संबंध आहे. फार उंच माणसांचे गुडघे पुढच्या खुर्चीत अडकतात, हे समजण्यासारखे आहे. पण १६० सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच फुटांपेक्षा, कमी उंचीच्या माणसांतही धोका वाढलेला आढळला आहे. त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत आणि खुर्चीची कड मांडीच्या मागे दाबते. आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया याच उंचीच्या आहेत. त्यांनी पायाखाली छोटी पिशवी किंवा घडी घातलेली शाल ठेवावी, म्हणजे मांडीवरचा दाब जातो.

एक उदाहरण

काही वर्षांपूर्वी गेवराई भागातील एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ६२, मधुमेह ताब्यात, चालणे-फिरणे चांगले. लेकीकडे अमेरिकेत पाच महिने राहून परत आल्या होत्या. विमानात लेकीने हौसेने खिडकीची जागा घेऊन दिली होती. शेजारी दोन अनोळखी पुरुष. त्यांना उठवून स्वच्छतागृहात जाण्याचा संकोच, म्हणून बाईंनी पाणीच प्यायले नाही आणि साडेचौदा तासांत एकदाच जागेवरून उठल्या. मुंबईत उतरल्यावर भाड्याची मोटार तयारच होती. त्यात बसून सरळ गावी.

तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली, पाय उजव्यापेक्षा जाड दिसू लागला. प्रवासाचा शीण म्हणून घरच्यांनी कोमट तेलाने पाय चोळून दिला. दुसऱ्या दिवशी सूज गुडघ्यापर्यंत आली तेव्हा सुनेने त्यांना दवाखान्यात आणले. डॉप्लर सोनोग्राफीत पोटरीच्या खोल शिरेत गुठळी दिसली. वेळेवर रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली, तीन महिने चालली आणि बाई पूर्ण बऱ्या झाल्या. चोळताना गुठळी सुटली असती तर काय झाले असते, हे त्यांना समजावून सांगताना मी शब्द जपून वापरले. त्या मात्र म्हणाल्या, "मी शाळेत मुलांना दर तासाला उभे करून हातपाय हलवायला लावायची, आणि माझ्या बाबतीत विसरले."

या एका प्रवासात किती साध्या गोष्टी एकत्र आल्या ते पाहा. खिडकीची जागा, संकोच, न प्यालेले पाणी, आणि उतरल्या उतरल्या पुन्हा आठ-नऊ तासांची मोटार. यातली एकही गोष्ट टाळायला पैसा लागत नव्हता.

निघण्यापूर्वी

१) बीडहून निघून त्याच दमात विमानात बसू नये. शक्य असल्यास एक दिवस आधी मुंबईला पोहोचून नातेवाइकाकडे किंवा लॉजवर आडवे होऊन झोप घ्यावी. ते जमले नाही तर रस्त्यात दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आहे. रेल्वेत डब्यात फिरता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

२) तिकीट काढतानाच मधल्या वाटेजवळची जागा मागावी. ढग पाहण्याची हौस परतीच्या वेळी छोट्या विमानात भागवता येते.

३) ज्यांना धोका जास्त आहे त्यांच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे मिळतात. या मोज्यांमुळे विमानप्रवासातील लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या बऱ्याच कमी होतात, असे अभ्यासांत दिसले आहे. पण ते मापाचेच हवेत. मधुमेहामुळे किंवा तंबाखूमुळे पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर हे मोजे अपाय करू शकतात. म्हणून डॉक्टरांना पाय दाखवूनच घ्यावेत.

४) शेजाऱ्याने सांगितले म्हणून ॲस्पिरिनची गोळी घेऊन बसू नये. प्रवासातील गुठळी टाळण्यासाठी ती देण्याची शिफारस नाही, आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हृदयरोगासाठी जी ॲस्पिरिन आधीपासून चालू आहे ती मात्र बंद करू नये.

५) सर्व औषधे, इन्सुलिनसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि सामान चुकले तर औषधच गेले. औषधांची मूळ नावे असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत असावे.

६) परदेशातील दवाखान्याचा खर्च आपल्या आवाक्यातला नसतो. प्रवासाचा आरोग्य विमा काढताना असलेले आजार लपवू नयेत.

विमानात

दर तास-दीड तासाने उठून एक फेरी मारावी. शेजाऱ्याला उठवण्यात कसलाही कमीपणा नाही. "एक्स्क्यूज मी" एवढे दोन शब्द पुरतात. जागेवर बसल्या बसल्या अर्ध्या तासाने एकदा पायाचे व्यायाम करावेत. आपल्या आया-बहिणींना ते शिकवावे लागत नाहीत. पायाने शिवणयंत्र चालवताना पाऊल जसे पुढे-मागे दाबले जाते, तसेच वीस-पंचवीस वेळा करावे. टाच टेकवून बोटे वर, मग बोटे टेकवून टाच वर. पोटरी आवळली जाते आणि बंद पडलेला हापसा सुरू होतो.

पुढच्या खुर्चीखाली मोठी पिशवी कोंबू नये, पाय पसरायची तेवढीच जागा असते. पायावर पाय ठेवून बसू नये. पाणी थोडे थोडे पीत राहावे. विमानातील हवा फार कोरडी असते आणि पाणी प्यायले म्हणजे उठावे लागते, हाही फायदाच. दारू घेऊ नये. झोपेची गोळी घेऊन सहा-सात तास एकाच अवस्थेत पडून राहणे तर फारच वाईट.

विमानतळावर अनेकजण आई-वडिलांसाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवतात. भाषेची अडचण असते, वाट सापडत नाही, म्हणून ही सोय उपयोगी आहे. पण ज्यांना चालता येते त्यांनी निदान काही अंतर पायी जावे. दोन बैठकांच्या मध्ये मिळणारे तेवढेच चालणे असते.

हृदयरोगी, दमेकरी आणि रक्त कमी असलेले

विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीसारखा नसतो. तो सुमारे ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका ठेवलेला असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. तेव्हा विमानातील प्रवासी कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. पण नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, घरात चालतानाही धाप लागणारा, किंवा हिमोग्लोबिन आठच्या आसपास वा त्याखाली असलेला रुग्ण यांना कमी प्राणवायूचा त्रास होऊ शकतो. साधी कसोटी अशी, की न थांबता एक जिना चढता येत नसेल, तर तपासणी केल्याशिवाय विमानात बसू नये.

गर्भवती स्त्रियांना बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर नेत नाहीत. प्रत्येक कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा.

मधुमेह, रक्तदाब आणि घड्याळ

रक्तदाबाची दिवसातून एक गोळी असेल तर ती आपल्या घड्याळाने २४ तासांनी घ्यावी आणि तेथे पोहोचल्यावर हळूहळू तेथील सकाळवर आणावी. इन्सुलिन घेणाऱ्यांचे गणित अवघड असते. पश्चिमेकडे जाताना दिवस साडेनऊ-दहा तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखूड होतो. मात्रा कधी वाढवावी लागते, कधी कमी करावी लागते. हे गणित विमानात बसून करू नये. तिकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि तासांप्रमाणे कागदावर लिहून घ्यावे. जेवण उशिरा आले तर साखर एकदम उतरू नये म्हणून दोन-चार बिस्किटे व थोडी साखर जवळ असू द्यावी.

झोपेचे घड्याळ मात्र गोळीने जुळत नाही. साधारणपणे एक तासाच्या फरकाला एक दिवस लागतो. पहिले आठ-दहा दिवस रात्री दोनला जाग येणे आणि दुपारी डोळे मिटणे यात आजार काही नाही. दिवसा उजेडात फिरावे, तेथील वेळेप्रमाणे जेवावे, म्हणजे ते लवकर जुळते.

उतरल्यानंतर

परतीच्या प्रवासात आपली मंडळी सर्वांत जास्त चुकतात. घरची ओढ असते, मोटार दारात उभी असते. साडेचौदा तासांनंतर लगेच आठ-नऊ तास पुन्हा बसणे म्हणजे धोक्याची बेरीज आहे. मुंबईत किंवा पुण्यात एक रात्र काढावी. निघायचेच असेल तर लोणावळा, शिक्रापूर, अहिल्यानगर असे थांबे घेत, प्रत्येक ठिकाणी चालत यावे.

गुठळीची लक्षणे उतरल्यावर लगेच दिसतीलच असे नाही. पहिले दोन आठवडे जास्त जपावे, पण धोका साधारण आठ आठवड्यांपर्यंत राहतो. दोन्ही पावले सारखी सुजली आणि एक-दोन दिवसांत सूज उतरली, तर काळजीचे कारण सहसा नसते. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते, कातडी गरम किंवा लाल वाटते, तर पाय चोळू नये, शेकू नये, मालिशवाल्याला बोलावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि प्रवास झाल्याचे आपणहून सांगावे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येऊन पडणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जावे. अमेरिकेत असाल तर ९११, इंग्लंडमध्ये ९९९.

शेवटी, ज्यांना विमानात कधी बसायचे नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबईला जाणारा व्यापारी, दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला एस.टी.ने जाणारे म्हातारे जोडपे, हंगामाला ट्रकच्या हौद्यात पाय आखडून साखर कारखान्यांकडे जाणारा ऊसतोड कामगार, या सर्वांच्या पोटरीत तोच हापसा आहे. गाडी चहासाठी थांबली, की झोप मोडेल म्हणून बसून राहू नका. खाली उतरा आणि चहा उभ्याने, चार पावले चालत घ्या.